सुखाचे चौरस फूट

सुख मोजायला सरकारजवळ एकच माप : फूटपट्टी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा साहेबाच्या ध्यानात आलं की गरिबालाही हवा लागते! १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं समुद्राचा वारा वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढला. १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उठल्या. खोली १६० चौरस फूट, संडासाला रांग. बिऱ्हाड मावेना, ते गॅलरीत सांडलं. नकाशात ती नुसती ये-जा करायची वाट. पण पापड तिथंच वाळले, लग्नं तिथंच जुळली. २०२५ मध्ये वरळीत ५०० फुटांची घरं मिळू लागली. संडास आपला, दार आपलं. सुख आहेच हो! मला काळजी एवढीच, की बंद दाराआड नवरा-बायकोचं जुंपलं, तर मधे पडणार कोण?