विकतचे अन्न आणि घरची चूल

बाजारचे अन्न ही अलीकडची खोड आहे, पूर्वीची माणसे घरचेच जेवत, असे आपल्या समाजातील वडीलधारी मंडळी नेहमी सांगतात. इतिहासाचा दाखला मात्र वेगळा आहे.

मध्ययुगीन कैरो शहराचे उदाहरण घ्या. मिसर देशात जळाऊ लाकूड दुर्मीळ व महाग. दाटीवाटीच्या घरांत स्वतंत्र स्वयंपाकघर असणे हीच चैन होती. त्यामुळे तेथील बहुसंख्य सामान्य लोक शिजलेले अन्न बाजारातूनच आणीत. घरची चूल पेटे ती श्रीमंताकडे. आज आपण समजतो त्याच्या हे अगदी उलट!

मग या अन्नाची खात्री कोणी द्यायची? त्यासाठी मुहतसिब नावाचा अधिकारी असे. बाराव्या शतकात शाम म्हणजे सीरिया देशातील अब्दुर्रहमान शैझरी याने मुहतसिबाच्या कामावर एक ग्रंथ लिहिला. आपल्या हलीम-खिचड्याचे जवळचे भावंड शोभेल असा हरीसा शिजवणारे, मांस भाजणारे, मासे तळणारे अशा एकेका धंद्याचा त्यात वेगळा विचार आहे. मांस भट्टीत घालण्यापूर्वी तोलावे व काढल्यावर पुन्हा तोलावे. वजन एक तृतीयांशाने घटले तरच ते शिजले असे समजावे. हरीसाच्या हंड्यांवर मुहतसिबाची मोहोर लावावी. खिम्याने भरलेली आतडी विकणाऱ्यांची दुकाने तर मुहतसिबाच्या बैठकीजवळच असावीत, कारण त्यात भेसळीला वाव फार. आजच्या रंगीत पाकिटावरील बारीक अक्षरे वाचण्यापेक्षा तो तराजू बरा होता, असे कधी कधी वाटते.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. कावसजी दावर यांची कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली आणि त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या. कोकणातून व देशावरून पुरुष आले. बायकामुले गावी राहिली. एका खोलीत दहा-दहा माणसे पाळीपाळीने झोपत. त्यांना चूल कुठली? चाळीतील बायांनी खानावळी चालविल्या. पगार झाला की महिन्याचा हिशेब होई. भिवंडीत यंत्रमागावर राबणाऱ्या परप्रांतीय कारागिरांची जेवणे अशीच भिसीत होत आली आहेत. येथेही विकतचे अन्न ही हौस नव्हती, घर दूर असल्याची किंमत होती.

परंतु खानावळवालीची किंमत कोणी मोजली? पहाटे उठायचे, दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापायच्या, किराणा उधारीवर आणायचा आणि सावकाराचे व्याज भरायचे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून अशा बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा स्वयंपाक हा धंदा आहे ही गोष्ट कागदावर आली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यांच्याबरोबर कित्येक खानावळींच्या चुलीही थंडावल्या.

त्यानंतरच्याच वर्षी, १९८३ साली, दोन मिनिटांत शिजणारी मॅगी भारताच्या बाजारात आली. येथून मामला बदलला. कैरोच्या मजुराकडे लाकूड नव्हते, गिरणीकामगाराकडे घर नव्हते. आपल्याकडे दोन्ही आहे, तरी पाकीट येते. ते महाग पडते, ही पालकांची तक्रार खरी आहे. पाकिटाच्या पैशांत पीठ, डाळ व भाजी मिळून चार पोटे भरतात. असो; पण या हिशेबात एक रकाना नेहमी कोरा राहतो.

२०२० साली महाराष्ट्र शासनाने १० रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली, तेव्हा शहरातील थाळीचा दर ५० रुपये धरला होता. उरलेले ४० रुपये सरकारने केंद्रचालकाला द्यायचे होते. म्हणजे दोन चपात्या, भाजी, वरण व भात यांत रांधणाऱ्याची मजुरीही धरावी लागली. घरी मात्र आपण फक्त पीठ, तेल आणि गॅस मोजतो. उरलेले घरातील बाई भरते. रमजानमध्ये सहरीसाठी आईबरोबर उठून रोट्या लाटणारी नववी-दहावीची मुलगी पहिल्या तासाला डोळे चोळत बसते, आणि तिचा भाऊ त्याच घरात तासभर अधिक झोपून आलेला असतो. लाटणे त्याच्याही हाती देता येते. बाजारातील बहुतेक भटियारे, नानबाई आणि बावर्ची पुरुषच होते की!