पाण्याचा सातबारा

सानपाड्याहून पामबीच मार्गाने वाशीकडे जाताना डाव्या हाताला खारफुटीची हिरवी भिंत लागते. तिच्या पलीकडे ठाण्याची खाडी आहे, हे अनेक प्रवाशांच्या ध्यानीही येत नाही. या खाडीच्या दोन्ही तीरांवर आगरी-कोळी समाजाची गावे नवी मुंबईच्या कितीतरी आधीपासून नांदत आली आहेत. शेतात भात, मिठागरात मीठ आणि खाडीत जिताडा, बोय, कोळंबी, चिंबोरी व निवट्या, असा त्यांचा तिहेरी संसार होता.

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. जमिनीचा मोबदला तुटपुंजा होता. त्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. त्या रक्ताचे मोल म्हणून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. मात्र शेतकऱ्यापाशी दाखवायला सातबारा तरी होता. कोळ्यापाशी काय होते? डोल जाळ्याचे खुंट कोणी कोठे रोवायचे, हे कोळीवाड्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असे. त्यावरून भांडणे होत आणि गावकीत मिटतही, पण तलाठ्याच्या दप्तरात त्यातले काहीच नव्हते. कागदावर खाडी सरकारची होती.

याची सर्वांत मोठी झळ शेव्याला बसली. न्हावा आणि शेवा ही मुळात बेटे होती. शेव्याच्या भूमीवर जवाहरलाल नेहरू बंदर उभे राहिले आणि २६ मे १९८९ रोजी ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. (त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस, पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरून निघालेले मच्छिमारांचे मोर्चे कन्याकुमारीस येऊन मिळाले होते आणि तेथेही गोळीबार झाला. त्या चळवळीच्या अग्रभागी फादर थॉमस कोचेरी हे रिडेम्प्टरिस्ट धर्मगुरू होते. आपल्या धर्मग्रामांत त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही.) शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांना उरणजवळ हलवण्यात आले. त्या वसाहतीला हनुमान कोळीवाडा हे नाव पडले. काही वर्षांतच तिथल्या घरांना वाळवीने पोखरले. बेटावरच्या माणसाला पाण्यापासून दूर नेऊन वाळवीच्या स्वाधीन करणे, याला पुनर्वसन म्हणणे मला तरी जड जाते.

हनुमान, उरण, गव्हाण व बेलपाडा या चार कोळीवाड्यांच्या वतीने पारंपरिक मच्छिमारांच्या बचाव समितीने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. भराव, खारफुटीची तोड आणि भरती-ओहोटीच्या बुजलेल्या वाटा हे त्यांचे गाऱ्हाणे होते. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी निकाल लागला: १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये, म्हणजे प्रत्येक घरास ५ लाख ८४ हजार. हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. तरीही सातबारा नसलेल्या माणसाचे नुकसान आकड्यांत मांडले गेले, ही गोष्ट लहान नव्हे. त्याच वर्षी मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी ‘लावदातो सी’ या परिपत्रकावर स्वाक्षरी केली. माशांचा साठा आटला की त्याची झळ लहान मच्छिमार वस्त्यांना सर्वाधिक बसते, कारण त्यांच्यापाशी दुसरे साधन नसते, असे त्यात म्हटले आहे.

येथे जब्दीची आठवण होते. याकोब आणि योहान प्रभूच्या हाकेसरशी निघाले, त्यावर आम्ही धर्मगुरू प्रवचने करतो. बाप मात्र मजुरांसह तारवात राहिला, असे मार्क सांगतो. त्याच्याविषयी कोणी बोलत नाही.

वाशी गावच्या मच्छिमारांची कथा अगदी घराजवळची. ठाणे खाडीवर तिसरा पूल बांधायचे ठरले, तेव्हा तेथील मरिआई मच्छिमार सहकारी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. १२ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल व माधव जामदार यांच्या खंडपीठाने पूल थांबवला नाही, कारण तो लोकोपयोगी होता. परंतु परंपरेने चालत आलेली मासेमारी हा मच्छिमारांचा हक्क आहे आणि तो बाधित झाल्यास भरपाई दिलीच पाहिजे, असे स्पष्ट सांगितले. जे गावकीला सदैव ठाऊक होते, ते न्यायालयाच्या कागदावर यायला सिडकोच्या स्थापनेनंतर ५१ वर्षे लागली.

पैशाने जाळे विकत घेता येते. चिखलात पाय किती रुततो आणि ओहोटीला मासा कोणत्या नाळेत उतरतो, हे बाप मुलाला खाडीतच शिकवतो. या विद्येची भरपाई कोणत्या कोष्टकात बसवायची, हा प्रश्न दोन्ही निकालांनंतर शिल्लकच आहे. डहाणूच्या किनाऱ्यावर ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तेथील मच्छिमारही आता हाच प्रश्न विचारीत आहेत.

ऑक्टोबर २०२४मध्ये वाशीच्या तिसऱ्या पुलाची एक बाजू वाहनांसाठी खुली झाली. वरून मोटारी धावतात आणि खाली भरतीची वाट पाहत वाशी गावच्या होड्या खांबांच्या आडोशाला थांबलेल्या असतात.