दर्यापारचा निरोप

श्रोतेहो, डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात चिकूच्या वाड्या आणि त्या राखणारी इराणी कुटुंबे आपल्या रोजच्या ओळखीची आहेत. पण यांचे वाडवडील आपला गाव सोडून दर्यावर निघाले तेव्हा मागे कोण राहिले, आणि त्या मागे राहिलेल्यांचे पुढे काय झाले, हे आपण सहसा विचारीत नाही. आज तेवढेच पाहू.

इराणच्या जरथुश्त्री लोकांनी आपल्या किनाऱ्याची वाट दोन वेगवेगळ्या काळांत धरली. पहिली हकीकत बहमन कैकोबाद यांनी 1599 साली फारसीत रचलेल्या 'किस्से संजान' या काव्यात आहे. अरबांनी इराण जिंकल्यावर काही लोक खोरासानातून निघाले. 100 वर्षे डोंगराळ मुलखात, 15 वर्षे होर्मुझला आणि 19 वर्षे दीवला काढून ते संजाणला उतरले. हे संजाण तलासरीच्या शेजारीच आहे. आता ते गुजरातेत मोडते. शिक्षकांनी एक ध्यानात ठेवावे: दुधात साखर विरघळवल्याची जी गोष्ट आपण वर्गात सांगतो, ती या काव्यात नाही. त्यात आहे ते असे, की ही माणसे बायकामुले बरोबर घेऊन गलबतावर चढली. म्हणजे त्यांनी निरोप घेतला तो मुलखाचा. घरची माणसे संगतीला होती.

पुढे संजाणवर स्वारी झाली, तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी बहरोटच्या डोंगरात नेऊन 12 वर्षे जपला, असे हेच काव्य सांगते. तो डोंगर आपल्या डहाणू तालुक्यात आहे. तोच अग्नी 1742 पासून उदवाड्याला आहे.

दुसऱ्या वेळचे जाणे मात्र निराळे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द आणि केरमान भागांतली माणसे एकेकटी, दोघे-चौघे अशी मुंबईला येऊ लागली. तिकडे जिझिया नावाची डोईपट्टी भरावी लागे. ती वसूल करताना मारझोड होई, आणि घोड्यावर बसण्यासारख्या साध्या गोष्टींनाही बंदी असे. सगळ्या घरादाराला निघणे जमत नसे. कर्ता पोरगा निघे, म्हातारे मागे राहत. वाळवंट तुडवून बंदर गाठायचे आणि तिथून जहाज धरायचे. अशा निरोपात पुन्हा भेटीची आशा किती धरणार?

1796 च्या सुमारास एक बाप आपल्या मुलीच्या अब्रूला जपण्यासाठी तिला घेऊन मुंबईस आला. मुलीचे नाव गुलिस्तान. तिचे लग्न मुंबईच्या फरामजी भिकाजी पांडे यांच्याशी झाले. नव्याने येणाऱ्या इराण्यांना या कुटुंबाचा मोठा आधार होता. यांचेच चिरंजीव मेहेरवानजी यांच्या पुढाकाराने इराणात राहिलेल्यांसाठी फंड उभा राहिला. त्या फंडातर्फे 1854 साली माणेकजी लिमजी हातरिया इराणला गेले. त्यांनी शिरगणती केली, तेव्हा तिथे सारे मिळून जेमतेम 7,000 जरथुश्त्री उरले होते. माणेकजींनी शाळा काढल्या आणि दरबारी खटपट चालू ठेवली. अखेर 1882 साली शहा नासिरुद्दीन यांनी जिझिया उठवला. माणेकजी 1890 साली तिकडेच वारले.

पाहा बरे, निरोप घेऊन निघालेल्या मुलीच्या घरातूनच 58 वर्षांनी उलट दिशेने मदत निघाली! मागे राहिलेल्यांचे ऋण या घराने असे फेडले.

पुढे आलेल्या इराण्यांपैकी काहींनी आपल्या भागात बागा केल्या. चिकूही मूळचा मध्य अमेरिकेतला, म्हणजे दर्यापारचाच. पण तो इथे रुजला आणि डहाणू-घोलवडच्या नावाने त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र या जमिनीची गोष्ट अर्धी सांगून चालणार नाही. ज्या काळात दुरून आलेल्यांना इथे आसरा मिळत होता, त्याच काळात डहाणू-तलासरीचा वारली आपल्याच रानात जमीनदार-सावकारांची वेठ करीत होता. 1945 साली त्याने ती झुगारून दिली. एकाने जुलमामुळे घर सोडले, दुसऱ्याने घर न सोडताच जुलूम सोसला. या दोन्ही गोष्टी एकाच मातीतल्या आहेत, आणि मुलांना त्या बरोबरीने सांगायला हव्यात.

शिक्षकबंधूंनो, बहरोटच्या डोंगरावर एकदा मुलांची सहल जरूर न्या. आणि येताना प्रत्येकाला घरी एवढेच विचारायला सांगा, की आपले वाडवडील इथे कुठून आले, आणि निघताना मागे कोणाला ठेवून आले.