घराची पुण्याई

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ सालचा जानेवारी महिना आठवतो. शिवाजी महाराजांच्या त्या स्वारीत कापुचिन पंथाचे फादर अँब्रोझ यांच्या मठास उपद्रव झाला नाही, ही गोष्ट आम्ही ख्रिस्ती मंडळी अभिमानाने सांगतो. परंतु फ्रेंच वैद्य बर्निए याने त्याच वेळी वाचलेल्या आणखी एका घराची नोंद केली आहे. ते घर डच व्यापाऱ्यांच्या एका हिंदू दलालाचे होते. दलाल तेव्हा हयात नव्हता; पण तो मोठा दानधर्मी होता असे कळल्यावरून त्याचे घर राखले गेले. मठ वाचला तो संन्याशांच्या कीर्तीमुळे; हे घर वाचले ते एका संसारी माणसाच्या पुण्याईमुळे.

ही दुसरी गोष्ट मला अधिक विचार करावयास लावते. धर्म मंदिरात शिकविला जातो. टिकतो मात्र घरात. आमच्या समाजाच्या इतिहासात याचा एक ठळक दाखला आहे.

इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. नवख्रिस्ती कुटुंबांची जुनी पुराणे सुटली होती आणि मनाला विसावा देणारे नवे काही हाती नव्हते. त्यांच्यासाठी फादरांनी मराठीत सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. जात्यावर बसलेल्या माउलीला ज्या ओवीची ओळख, तीच त्यांनी निवडली. ग्रंथ १६१६ साली छापला गेला. १६४९ व १६५४ साली पुन्हा निघाला. परंतु या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

मग हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या कुटुंबांनी तो हाताने उतरवून घेतला आणि घरोघरी गाइला. १७८४ साली टिपू सुलतानाने त्या प्रांतातील हजारो ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणास बंदिवासात नेले. तो बंदिवास १७९९ पर्यंत चालला. त्या काळात याच ओव्यांनी लोकांना धीर दिला, असे परंपरा सांगते. पुढे १९०७ साली मंगळुरास ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली, ती जपून ठेवलेल्या हस्तलिखितांवरूनच. छापखान्याने गमावलेले धन घरांनी राखले!

१९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला ‘गृहमंडळी’ म्हणून गौरविले आणि आईवडील हेच मुलांचे पहिले धर्मशिक्षक होत, असे सांगितले. त्या आजीआजोबांनी हे आधीच आचरून दाखविले होते.

आज सुरतेत कापडधंद्यामुळे असंख्य मराठी कुटुंबे वसली आहेत. बापाची रात्रपाळी, आईची दिवसपाळी, मुलांची शाळा परक्या भाषेत! अशा घरात मायबोलीतील प्रार्थना एका पिढीत मुकी होऊ शकते. शाळेत आम्ही शिक्षक मुलांना धडा पाठ करून देऊ. पण आईच्या आवाजातील प्रार्थना आम्ही कोठून आणावी?

म्हणून रोज नाही जमले, तर आठवड्यातील एक सायंकाळ तरी राखावी. सर्वांनी मिळून जपमाळ म्हणावी, शुभवर्तमानातील एक उतारा मुलाकडून वाचवून घ्यावा आणि उठण्यापूर्वी शेजारच्या अडलेल्या घराला आपण काय देऊ शकतो ते ठरवावे. ओव्या जपणारी घरे आणि तो सुरतेचा दलाल यांची शिकवण अशी एका चटईवर एकत्र येते.