होसकोटे ते बेंगळुरू : स्त्रीरोगतज्ज्ञांपर्यंतची लांब वाट

कर्नाटकातील होसकोटे हे तालुक्याचे ठिकाण बेंगळुरूच्या पूर्वेस, कोलारकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर सुमारे २५ किलोमीटर अंतरावर वसले आहे. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या बेंगळुरू जहागिरीत मोडणाऱ्या या भागात आज एकीकडे भाजीपाल्याची शेती, तर दुसरीकडे पिल्लगुंपे औद्योगिक वसाहतीतील कारखाने दिसतात. महानगर इतके जवळ असताना तज्ज्ञ डॉक्टर गाठणे अवघड का जावे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मात्र सरकारी आरोग्यव्यवस्थेत अंतर केवळ किलोमीटरने मोजले जात नाही. प्रसूतीशी संबंध नसलेल्या स्त्रीरोगांच्या बाबतीत ते विशेषत्वाने जाणवते.

चिठ्ठीचा नियम

रुग्णास खालच्या स्तरावरील आरोग्य संस्थेतून वरच्या स्तरावरील संस्थेकडे पाठविण्याच्या व्यवस्थेस 'संदर्भसेवा' म्हणतात. सपाट प्रदेशात साधारणतः ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजार लोकसंख्येमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र, असा राष्ट्रीय निकष आहे. प्राथमिक केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञ असणे अपेक्षितच नाही. तो सामुदायिक केंद्रापासून पुढे असावा, अशी रचना आहे.

कर्नाटकात या रचनेला विमा योजनेची जोड मिळाली आहे. मार्च २०१८ मध्ये 'आरोग्य कर्नाटक' योजना सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती केंद्राच्या 'आयुष्मान भारत' योजनेशी जोडण्यात आली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार, तर इतरांना दीड लाख रुपयांच्या मर्यादेत खर्चाच्या ३० टक्के साहाय्य, असे तिचे स्वरूप आखण्यात आले. रुग्णाने प्रथम सरकारी रुग्णालयात जावे, तेथे उपचार उपलब्ध नसतील तरच चिठ्ठी घेऊन योजनेतील खाजगी रुग्णालयात जावे, असा तिचा मूळ नियम आहे. यातून केवळ तातडीच्या ठराविक उपचारांना सूट देण्यात आली.

होसकोटे तालुक्यातच एक खाजगी वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. पण अशा रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या महिलेलाही हा नियम प्रथम सरकारी रुग्णालयाकडे वळवितो. बेंगळुरूतील वाणी विलास रुग्णालय किंवा कर्करोगासाठीची किदवई संस्था या सरकारी संस्था अधिक परिचित आहेत. तेथे जायचे तर पहाटेची बस, बाह्यरुग्ण विभागातील रांग आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी, हे सारे ओघाने आलेच.

रिकाम्या खुर्च्या

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यकतेच्या तुलनेत स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांची सुमारे ७४ टक्के कमतरता होती. जे तज्ज्ञ आहेत, त्यांचा बहुतांश वेळ प्रसूती आणि शस्त्रक्रियांमध्ये जातो. याला धोरणाचाही हातभार लागला आहे. २००५ मधील जननी सुरक्षा योजना असो वा २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी गर्भवतींची तपासणी असो, सारा भर मातृत्वावर राहिला. गर्भवती नसलेल्या, पाळीच्या अतिरक्तस्रावाने खंगलेल्या चाळिशीतील स्त्रीसाठी असा कोणताही दिवस मुक्रर नाही.

अशा स्त्रिया किती, याचे उत्तर महाराष्ट्रातून प्रथम मिळाले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांचा अहवाल जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. सरासरी प्रत्येकीस तीनहून अधिक विकार होते. त्यापूर्वी केवळ ८ टक्के स्त्रियांची कधी तरी आतून तपासणी झालेली होती. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, अंग बाहेर येणे, या गोष्टी बाईच्या जन्माला लागलेल्याच, असे मानून त्या सोसल्या जात होत्या. पुढे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कर्नाटकातील सुमारे ३६०० मातांच्या पाहणीतही जवळपास एक तृतीयांश स्त्रियांनी अशा प्रकारचे किमान एक लक्षण सांगितले.

चिठ्ठी मिळण्यास उशीर होतो, त्याच्या आधीचा उशीर घरातला असतो, हे येथे नमूद करावयास हवे. पुरुष डॉक्टरांपुढे तपासणीस संकोच वाटतो, सोबतीला कोणी नसते आणि खर्चाचा निर्णय दुसऱ्याच्या हाती असतो.

पिशवी काढण्याचा 'सोपा' उपाय

तज्ज्ञांकडे जाण्याची वाट बंद असली की बाजार वेगळी वाट दाखवितो. औषधोपचाराने बऱ्या होणाऱ्या तक्रारींवरही गर्भपिशवी काढून टाकण्याचा सल्ला दिला गेल्याची प्रकरणे अनेक राज्यांत समोर आली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांबाबत २०१९ मध्ये शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढण्यात आल्याचे त्यात आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटात देशाचे प्रमाण ३.२ टक्के होते. बीडमध्ये नंतर खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक करण्यात आली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना ती तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश दिला.

या पार्श्वभूमीवर चिठ्ठीचा नियम सरसकट चुकीचा म्हणता येत नाही. रुग्ण आणि शस्त्रक्रियेचे टेबल यांच्यामध्ये एक निःपक्ष डॉक्टर उभा राहावा, हा त्याचा हेतू रास्त आहे. प्रश्न आहे तो त्या डॉक्टरांच्या जागी कोणी नसण्याचा.

वेळेत पाठविल्यास काय साधते, हे उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील अभ्यासाने दाखविले. १९९९ साली सुरू झालेल्या या अभ्यासात मुंबईची टाटा मेमोरियल संस्था आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय सहभागी होते. १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा त्यात समावेश होता. एचपीव्ही विषाणूची एकदाच चाचणी करून, दोष आढळलेल्यांना पुढील तपासणी व उपचार दिलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू, नेहमीच्याच सेवा मिळालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे झाले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही २०१९-२१ च्या पाहणीत देशातील ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांची अशी तपासणी कधी तरी झालेली होती.

रुग्णांसाठी

कारखान्यांतील विमाधारक महिलांचा मार्ग वेगळा आहे. त्यांना राज्य कामगार विमा योजनेच्या दवाखान्यातून बेंगळुरूतील राजाजीनगर वा इंदिरानगर येथील विमा रुग्णालयाकडे पाठविले जाते. इतरांसाठी आशा कार्यकर्ती हा पहिला दुवा ठरतो. कर्नाटकात १०४ क्रमांकावर आरोग्यविषयक सल्ला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. २०२० पासून 'ई-संजीवनी' सेवेद्वारे घरबसल्या डॉक्टरांचा सल्लाही घेता येतो. आतील तपासणी मात्र तीतून होऊ शकत नाही. तालुका रुग्णालयातून चिठ्ठी घेताना तीवर निदान, झालेल्या तपासण्या आणि उपचार येथे उपलब्ध नसल्याची नोंद आहे ना, हे पाहून घ्यावे. शिधापत्रिका, आधार आणि सोनोग्राफीचा अहवाल सोबत ठेवावा. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास मात्र वाट न पाहता लगेच तपासणी करून घेणे आवश्यक असते.