बालसखी

बालसखी : प्राथमिक शाळेतील वर्गशिक्षक आणि वस्तीतील शिकलेली तरुणी यांनी कामाची वाटणी करून, अभ्यासात मागे पडलेल्या मुलांस मूलभूत वाचन व गणित शिकविण्याची, मुंबईच्या महापालिका शाळांत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आकारास आलेली योजना, तसेच त्या योजनेतील तरुण कार्यकर्ती. युनिसेफच्या साहाय्याने मुंबईत स्थापन झालेल्या व माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी उभ्या केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने ती राबविली आणि पुढे बडोद्यासही नेली.

महापालिकेची शाळा शुल्क घेत नाही, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा अनेक माध्यमांतून शिकविते, आणि झोपडपट्टीतील मूल हजेरीपटावर आणण्याचे मोठे कार्य तिने केलेले आहे. परंतु पटावर नाव चढले म्हणजे विद्या चढली असे होत नाही. फळ्यावरील मजकूर सुबक अक्षरांत वहीत उतरविणारा तिसरीतील मुलगा, तोच मजकूर वाचावयास सांगितला की गप्प होतो. ‘क’, ‘म’, ‘ळ’ ही अक्षरे तो सुटी ओळखतो, पण त्यांचा ‘कमळ’ त्याला जुळविता येत नाही. घरी अभ्यास घेणारे कोणी नसते, शिकवणीस पैसा नसतो, आणि नेमलेला पाठ्यक्रम मुदतीत पुरा करण्यास बांधलेल्या शिक्षकास अशा मुलासाठी मागे वळून पहिलीच्या धड्यापाशी जाण्याची सवड क्वचितच मिळते. हा दोष एकट्या शिक्षकावर लादणे अन्यायाचे आहे.

बालसखीची तजवीज याच अडचणीवर होती. वर्गशिक्षकाने तिसरी-चौथीतील अशी मुले निवडावयाची, आणि सुमारे चार तासांच्या शाळेपैकी दोन तास पंधरा-वीस मुलांचा गट तिच्या स्वाधीन करावयाचा. तिने अंकओळख, एक व दोन अंकी बेरीज, अक्षरे, शब्द, सोपे वाचन, अशी पहिली-दुसरीतच यावयास हवी होती ती कौशल्ये त्यांच्याकडून करून घ्यावयाची. स्वतंत्र खोली नसली तरी व्हरांडा किंवा पटांगणाचा एखादा कोपरा पुरे होई. शाळेच्या वेळेत, शिक्षकाच्या संमतीने व त्याच्याच निवडीने हे काम चाले, हे या योजनेचे मर्म होय.

बालसखी बहुधा त्याच परिसरातील, माध्यमिक शिक्षण पुरे केलेली मुलगी असे. नेमणुकीच्या आरंभी तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे, आणि मानधन दरमहा ५०० ते ७५० रुपये. मुलांच्या घरची भाषा व घरची ओढाताण तिला सांगावी लागत नसे, हे तिचे बळ. सरासरी वर्षभरात ती विवाहामुळे किंवा दुसऱ्या नोकरीमुळे काम सोडी, ही योजनेची दुखरी बाजू. इतक्या मोलाच्या कामाला इतके तुटपुंजे मानधन असावे ही गोष्ट मनाला लागून राहते; योजनेच्या स्वस्ताईची प्रशंसा करताना त्या स्वस्ताईचा भार कोणी उचलला, हे नोंदविले पाहिजे.

अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर दुफ्लो व ली लिंडन यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदा येथे योजनेची परीक्षा केली. बडोद्यात पहिल्या वर्षी निम्म्या शाळांत तिसरीला व उरलेल्या निम्म्यांत चौथीला बालसखी देण्यात आल्याने कोणतीही शाळा वंचित न ठेवता तुलना साधली. चाचणीतील गुण पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. वाढ मुख्यत्वे बालसखीकडे गेलेल्या मुलांची होती. गट बाहेर गेल्याने सुटसुटीत झालेल्या वर्गात राहिलेल्यांस त्याचा विशेष लाभ दिसला नाही. योजना संपल्यानंतर वर्षभराने लाभ ओसरला, तरी आरंभी मागे असलेली मुले सुमारे ०.१० प्रमाण विचलनाने पुढे राहिली.

पुढील प्रयोगांनी या भागीदारीच्या अटी अधिक स्पष्ट केल्या. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावातील तरुण स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालविले. जी मुले आली त्यांची प्रगती लक्षणीय झाली, परंतु आली थोडकीच, कारण शाळेचा वेळ व शिक्षकाची निवड यांचा आधार त्या वर्गांस नव्हता. हरियाणात २०१२-१३ साली सरकारी शिक्षकांनीच रोजचा एक तास राखून, इयत्तेची हद्द मोडून मुलांचे पातळीप्रमाणे गट केले आणि खात्याच्या अधिकाऱ्यांनी त्यावर देखरेख ठेवली, तेव्हा मुलांचे हिंदी वाचन सुधारले.