स्वतःसाठी कातलेले सूत

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी मला विचारले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलेत, आता विणकामावर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी टाके कसे घालावेत हे सांगणार नाही, मला ते येतही नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. बाजारात वस्तू स्वस्त आणि तयार मिळत असताना माणूस ती स्वतःच्या हाताने, स्वतःसाठी का करतो? आणि त्यातून त्याला काय कळते?

आपल्या घरांतून हे काम चालूच असते. कुणी सुयांवर स्वेटर विणते, कुणी क्रोशाने रुमाल, तोरण, टेबलावरची जाळी करते. आता वर्ध्यात लोकरीची थंडी ती किती? महिना-दीड महिना. तरीही विणले जाते. आणि हमखास एक वाक्य ऐकू येते: "एवढ्या पैशात बाजारात दोन आले असते!" हिशेबाने ते खरेही असते. कधी कधी नुसती लोकरच तयार स्वेटरपेक्षा महाग पडते. मग या कामाचे मोल कोणत्या मापाने मोजायचे?

हा प्रश्न आपल्या पवनार परिसरात फार गंभीरपणे विचारला गेला. तेव्हा हातात लोकर नव्हती, कापसाचे सूत होते.

थोडा मागचा क्रम सांगतो. विनोबा 1921 च्या एप्रिलमध्ये वर्ध्याला आले. जमनालाल बजाजांच्या आग्रहाने इथे आश्रम निघाला, त्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. पुढे देशभर चरख्याची चळवळ वाढली. 1924 च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष गांधीजी होते. तेव्हा काँग्रेसच्या सभासदाने महिन्याला दोन हजार यार्ड सूत द्यावे असे ठरले. पण ते स्वतः कातलेलेच असावे ही सक्ती नव्हती. विकत घेऊन दिले तरी चाले! म्हणजे पहिल्याच पावलाला प्रश्न उभा राहिला. सूत महत्त्वाचे की कातणे? वर्षभरातच, 1925 मध्ये, ती अट ऐच्छिक झाली आणि त्याच सुमारास चरखा संघ स्थापन झाला.

चरखा संघाचे काम मोठे होते. खेड्यातल्या गरीब बायका सूत काततील, संघ त्यांना मजुरी देईल, खादी शहरात विकली जाईल. यात कातणारी एक आणि घालणारा दुसरा. घालणाऱ्याला खादी स्वस्त हवी. ती स्वस्त कशी होणार? कातणारीची मजुरी कमी ठेवून. देशभक्तीच्या कापडात ही गोम होती, आणि बरीच वर्षे ती फारशी कुणाला टोचली नाही.

ती टोचली नालवाडीत. नालवाडी म्हणजे वर्ध्याला लागूनच. विनोबा 1932 च्या अखेरीस तिथे राहायला गेले. तिथे त्यांनी ठरवले की आपण कातायचे आणि चरखा संघाच्या दराने जी मजुरी होईल तिच्यात जगून पाहायचे. दिवसाचे आठ-आठ तास ते कातत. हात तयार झालेला, कामात खंड नाही. तरी मजुरी व्हायची दोन आण्यांच्या आसपास. साधे जगायचे म्हटले तरी गरज होती आठ आण्यांची. हा हिशेब गांधीजींपुढे गेला. कुशल माणूस पूर्ण दिवस राबूनही पोटापुरते मिळवत नसेल, तर आपण कातणारीला काय देतो आहोत? 1935 मध्ये चरखा संघाने किमान मजुरीचे तत्त्व स्वीकारले. आठ आण्यांपर्यंत पोचता आले नाही, सुरुवात पुष्कळ खालून झाली. खादी महागली, खप घटेल अशी भीतीही व्यक्त झाली. पण तत्त्व मान्य झाले.

माझ्या मते पवनार परिसराच्या इतिहासातली ही फार मोलाची घटना आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. कातणारणीची मजुरी अपुरी आहे, हे कागदावर आधीही दिसत होते. ते पटले केव्हा? मोजणाऱ्याच्या हातात चरखा आला तेव्हा. तत्त्वज्ञानात आम्ही ज्ञानाचे प्रकार शिकवतो: ऐकून कळलेले, अनुमानाने कळलेले, अनुभवाने कळलेले. श्रमाची किंमत ही शेवटच्या प्रकारात मोडते.

तब्येत खालावल्यावर 1938 मध्ये विनोबा इथे, धाम नदीच्या काठी पवनारला आले. कातणे सुटले नाही. गांधीजींनी 1944 मध्ये तुरुंगातून सुटल्यावर चरखा संघापुढे नवा विचार ठेवला. विक्रीपेक्षा वस्त्रस्वावलंबन पुढे आणा, जो घालेल त्याने कातावे. आणि 12 फेब्रुवारी 1948 ला गांधीजींच्या अस्थी याच धाम नदीत विसर्जित झाल्या. त्या दिवसाचा मेळा आपण सगळे जाणतो. त्या निमित्ताने विनोबांनी सूतांजली सुचवली: वर्षातून एकदा प्रत्येकाने स्वतः कातलेली एक गुंडी द्यावी. गुंडी म्हणजे 640 तार, एक तार चार फुटांची. करा हिशेब. 2560 फूट, म्हणजे सुमारे 780 मीटर. सेंटिमीटरला पंधरा उभे आणि पंधरा आडवे धागे धरले, तर एक चौरस मीटर कापडाला तीन हजार मीटर सूत लागते. म्हणजे चार गुंड्या जवळपास. वर्षाला एक गुंडी देणाऱ्याचा सदरा काही त्यातून होणार नाही. पण अंगातल्या सदऱ्यात किती हात चालले असतील, याचा अंदाज त्याला नक्की येतो.

आता दुसरी बाजू. रवींद्रनाथांनी 1925 मध्येच चरख्यावर कडक टीका केली होती. तेच ते काम सतत करून मन बोथट होते, असा त्यांचा आक्षेप होता. तो झटकून टाकू नये. पोटासाठी दिवसभर कातणाऱ्या बाईला त्या एकसुरीपणात ध्यान सापडत असेलच असे नाही. ते म्हणण्याचा अधिकार आवडीने तासभर कातणाऱ्याला नाही. विणणारीचेही तसेच. तिला रंग निवडता येतो, नमुना बदलता येतो, कंटाळा आला तर सुया बाजूला ठेवता येतात. ही मोकळीक मजुरीवर विणणारीला नसते. छंद आणि मजुरी यांतला फरक इथेच आहे, हात दोघींचे सारखेच चालतात.

म्हणून आपल्या घरात विणणाऱ्या मंडळींना माझे एवढेच सांगणे आहे. स्वेटरच्या पुढच्या भागात शंभर टाके आणि दीडशे ओळी धरल्या, तर पंधरा हजार टाके झाले. पाठ, बाह्या वेगळ्याच. हे तुम्ही बोटांनी मोजलेले आहे. चुकलेली ओळ उसवून पुन्हा विणली आहे. तेव्हा प्रदर्शनात बचत गटाची बाई क्रोशाचे तोरण घेऊन बसलेली असेल आणि शेजारचा माणूस भाव पाडायला लागला, तर तिचा भाव बरोबर आहे हे तिथे सर्वांत आधी तुम्हाला कळायला हवे. कळले तर बोलायलाही हवे. नालवाडीत झाले ते एवढेच. स्वतः कातणारा माणूस दुसऱ्या कातणारीच्या बाजूने बोलला.

काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.